धाकली सावर

—हे नको. पावणं, याला हात नका लावू. वरनं सरळ दिसतंय, पण खाली पीळ हाय त्याला, दोन पावसाळ्यांत तुमची डोलकाठी मान वळवून बसंल. ते पलीकडचं पण नको. जरा बसा इथं ओंडक्यावर, सावली हाय. तुमच्या गाडीला अजून लय टाइम हाय, आदी कसाऱ्याकडनं मालगाडी येंल, ती आटगावात अर्धा तास उभी राहील, मंग तुमची. तवर मला एक सांगा. काय नाव बोललात तुमच्या मामाचं? राघो. माडखाडीचे राघो तांडेल. आन् ते काय बोलले तुमाला निघताना? परत बोला, मला नीट आयकू नाय आलं मगाशी — आलं व्हतं, पण परत बोला. "आटगावच्या लाकडाच्या डेपोत जा, तिथं गोमा हाय. होडीची डोलकाठी त्याच्याकडनंच निवडून घे. शब्दाचा माणूस हाय." असं बोलले. असंच बोलले?

व्हय, मीच गोमा. दुसरा कोण नाय इथं गोमा. उंबरमाळीच्या वरच्या पाड्यातला मी, तीन वर्सं झाली या डेपोत राखणीला हाय. राघो तांडेलांना ओळखतो ना, ओळखत नाय असं कसं बोलू. तुमी तवा कुठं व्हता? मुंबईला, गोदीत. म्हंजे लढाईची सगळी वर्सं तिकडंच गेली तुमची. मंग माडखाडीत काय झालं ते तुमाला आयकून माहीत असंल. काय सांगितलं लोकांनी? बारकू मुकादमानं सावर पाडली, म्हणून तुमच्या मामांच्या पोराची, जयरामची होडी खडकावर गेली. असंच ना? सगळे असंच सांगतात. मी पण असंच सांगितलं व्हतं.

तंबाखू घेता? नको तर नको. मी मळतो जरा, हाताला काहीतरी पायजे.

बघा, मी डोंगरातला माणूस. बत्तीस वर्सांचा होईस्तवर दर्या बघितला नव्हता मी. लढाई सुरू व्हती, सरकारला पेट्या पायजे व्हत्या — बंदुकीच्या गोळ्या, डबे, काय काय भरून धाडायला पेट्या — आन् पेट्यांना सावरीचं लाकूड चांगलं, हलकं, खिळा बिनबोभाट घेतं. ठेकेदारानं आमची सहा जणांची टोळी नेली सफाळ्याच्या पलीकडं, तुमच्या माडखाडीच्या मागच्या टेकाडावर. बारकू आमचा मुकादम. दोन महिने तोडलं आमी, सगळं टेकाड बोडकं करत आणलं. शेवटाला माथ्यावर दोन सावरी राहिल्या. एक थोरली — दोन माणसांच्या कवेत मावायची नाय, पांढरट खोड, पौषात पान नाय अंगावर, नुसत्या आडव्या फांद्या. आन् तिच्यापासून शंभरेक पावलांवर दुसरी, तिच्याहून बरीच लहान. तुमचे लोक तिला धाकली बोलायचे.

एका दुपारी तुमचे मामा वर चढून आले. एवढं वय, पण धाप नाय लागलेली. मी थोरलीच्या बुडाशी कुऱ्हाडीला धार लावत बसलो व्हतो. ते उभे राहिले, झाडाला हात लावला, आन् मला बोलले, "ही पाडणार का?" मी बोललो, पाडणारच की, त्याच्यासाठीच आलोय. ते काय रागावले नाय. समोर बसले. माज्या बिडीचं बंडल मागितलं, एक बिडी काढली, पेटवली नाय, माज्या डोळ्यासमोर उभी धरली. "एक डोळा मीट," बोलले. "ही बिडी आन् तो लांबचा खांब — एकावर एक दिसतात का?" दिसतात. "आता मान जरा डावीकडं घे." घेतली. "बिडी कुठं गेली?" उजवीकडं सरकली खांबाच्या. "मान उजवीकडं घे." बिडी डावीकडं गेली. मला हसू आलं, पोरासारखं खेळवताय काय बोललो. तर ते बोलले, "गोमा, आमचं गाव यावर जगतं." आन् मला सांगितलं सगळं. मागं लांब डोंगर हाय, त्याला सुळका हाय. दर्यातनं येताना सावर त्या सुळक्यावर बसली — म्हंजे बरोबर पुढं-मागं, एका रेषेत — की खाली खोल पाणी, सरळ खाडीच्या तोंडात. सावर सुळक्याच्या उजवीकडं सरकली, तर समजायचं होडी डावीकडं चालली, आन् डावीकडं म्हातारीचा खडक. ओहोटीला तो उघडा दिसतो, पोरं कालवं काढतात त्याच्यावर. पण भरतीला वर कमरेइतकं पाणी असतं, खालती काय हाय ते कळतच नाय. आन् होड्या तर भरतीलाच आत येतात, नायतर खाडीत पाणीच नसतं.

मला तवा पटलं. खोटं नाय सांगत. आमी रानात नाय का खुणेनं चालत — हा आंबा, तो दगड, मंग ओढा. पण आमच्याकडं चुकलं तर पायवाट चुकते, काटे लागतात, येतो माणूस परत. ते बोलले, "दर्यात पायवाट नसते रे. पाणी सगळीकडं सारखंच दिसतं. डोळ्यांनी जमिनीवरची खूण धरायची, तीच वाट. माज्या बापानं मला दाखवली ही सावर, मी जयरामला दाखवली. सात वर्सांचा व्हता तो. मी त्याला सुकाणूवर बसवायचो आन् विचारायचो, सावर कुठं? चुकला की कानाखाली द्यायचो. आता त्याला न बघता पण सांगता येंल."

मंग त्यांनी काय मागितलं माज्याकडं? झाड सोडा असं नाय बोलले. ठेका सरकारचा, त्यांना कळत व्हतं. ते बोलले, चार दिस थांब. जयरामची होडी आन् सावळारामची होडी, दोन्ही बाहेर हायत, लांब गेल्यात मासळीला. पुनवेच्या भरतीला, दुपारी येतील. ते आत आले की मी त्यांना सांगतो, आमी दुसरी खूण बांधतो, मंग तू खुशाल पाड. एवढंच. चार दिस. "मी उद्या सकाळी माहीमला चाललोय जाळ्याच्या सुताला, पुनवेला सकाळी परत येईन. तवर राखशील ना?" मी बोललो, राखतो. हात पुढं केला त्यांनी, मी हात दिला. शब्द दिला.

दुसऱ्या दिशी सकाळी पाडली मी ती.

बघा, असं नका बघू माज्याकडं. मुकादम असतो टोळीला, ठेकेदाराचा तगादा असतो, सरकारी काम — आमी काय मालक व्हतो? आन् माजी बायको आजारी व्हती घरी, रखमी, तापानं फणफणलेली, तसा निरोप आलावता. मला घरी जायला पायजेच व्हतं. लारी व्हती त्या दिशी भिवंडीपर्यंत. तवा पेट्रोल कुठं मिळत व्हतं, लारी कोळशाच्या गॅसवर चालायची, मागं भट्टी बांधलेली, आठ-आठ दिस बिघडून पडायची. ती गेली की पुढची लारी पुनव झाल्यावरच. आन् माथ्यावरचं काम उरकल्याबिगर टोळी सुटणार नव्हती. मंग काय करायचं माणसानं.

...नाय. आजारी नव्हती रखमी. कुठनं आलं हे माज्या तोंडात, काय ठावं. इतक्या लोकांना सांगितलंय की जीभच तिकडं वळते. रखमी धडधाकट व्हती, भात कांडत व्हती घरी. मी तिचा चेहरा पण आठवत नव्हतो त्या सकाळी. म्हशाची जत्रा व्हती. मुरबाडच्या पुढं, म्हशाला, पौषातल्या पुनवेला भरते — बैलांचा बाजार, घोंगड्या, कुस्त्या, पाळणे. दरसाल जायचो मी, दहा वर्सांचा असल्यापासून एक वरीस चुकवलं नव्हतं. दोन महिने त्या खाऱ्या वाऱ्यात काढलेले, अंगाला मिठाचा वास, खाणं नीट नाय, आन् टोळीतले पोरगे सारखे म्हशाचं बोलायचे. मला ते बैल दिसायला लागले डोळ्यासमोर. बास. त्याच्यासाठी.

मुकादम? बारकू मुकादम त्या सकाळी मला काय बोलला ते सांगतो, हे कोणालाच माहीत नाय. तो बोलला, "गोमा, घाई कशाला करतो, त्या म्हाताऱ्यानं सांगितलंय ना. आपण खालची तोड आवरू, पुनव झाल्यावर थोरली घेऊ. पुढच्या लारीनं जाऊ सगळे." असं बोलला तो. हुकूम नव्हता, उलट थांब बोलत व्हता. मीच टोळीला भरीला घातलं. मी बोललो, दुपारच्या आत उतरवतो, तुमी नुसते दोर धरा. बारकू गरीब माणूस, सहा जण एक झाल्यावर तो काय करणार. बोलला, तुमचं तुमी बघा. आन् खाली निघून गेला.

थोरली पडायला लय वेळ नाय लागला. सावर मऊच असते. पडताना मात्र सगळं टेकाड हललं. खाली माडखाडीत आयकू गेलं असणार, कारण थोड्या वेळानं एक बाई वर चढून आली, पळत, डोकीवरचा पदर पडलेला. जयरामची बायको, भागीरथी. तुमची मामेवहिनी झाली ती. मी तिला आदी पाहिलं नव्हतं. ती खोडाकडं बघत राहिली, मंग मला बोलली, "मामांना शब्द दिलाव ना तुमी?" तवा पयल्यांदा मी ते बोललो. "मुकादमाचा हुकूम हाय, बाई. माज्या हातात काय नाय." किती पटकन आलं तोंडात. आन् तिला बरं वाटावं म्हणून मी तिला धाकली दाखवली. बोललो, बघा, ही ठेवलीय तुमच्यासाठी. ही पण पाडायची व्हती खरी, पण मी बोललो गाववाल्यांना एक तरी असू दे. खुणेला होईल. मला खरंच तसं वाटत व्हतं पावणं. वाटत व्हतं, अर्धा तरी शब्द राखला.

मंग लारी, भिवंडी, कल्याण, मुरबाड, आन् पुनवेच्या दुपारी मी म्हशाला. एका खिल्लारी जोडीच्या पुढं उभा व्हतो, मला आठवतं, मालक बैलाचे दात दाखवत व्हता. ऊन बरोबर डोक्यावर व्हतं. म्हंजे त्याच टायमाला.

ते कसं झालं ते मला पुढं कळलं, पंधरा दिसांनी. लाकूड ओढायला टोळी परत बोलावली ठेकेदारानं. मला जायचं नव्हतं, पण का नाय जायचं ते पण सांगता येईना, मंग गेलो. सावळारामनं सांगितलं मला, दुसऱ्या होडीचा तांडेल तो, त्यानं डोळ्यांनी बघितलेलं. बोलला, पुनवेला सकाळपासनं धुरकट पडलं व्हतं, पौषात पडतं तसं. किनारा दिसंना, माड दिसंना, देवळाची पांढरी भिंत दिसंना. नुसता टेकाडाचा माथा आन् मागचा सुळका तेवढा वर निघालेला, जसा काय हवेत तरंगतोय. जयरामची होडी पुढं व्हती, मासळीनं भरलेली. त्याला माथ्यावर एक सावर दिसली. एकच. बिनपानाची, आडव्या फांद्यांची. लांबनं मोठी का लहान, काय कळणार? दुसरी धुरकटात असंल असं वाटलं असणार त्याला. त्यानं बापानं शिकवलं तसंच केलं. सावर सुळक्यावर बसवली, सुकाणू सरळ धरलं आन् डोळा हलवला नाय. खाडीच्या तोंडाच्या डावीकडं, सरळ म्हातारीच्या खडकावर. काय चुकलं त्याचं? काय नाय चुकलं. त्याच्या बापानं पण तसंच धरलं असतं, तेवढंच सरळ.

सावळाराम कसा वाचला? मी पण हेच विचारलं व्हतं. तो मागं व्हता, घटकाभर. तवर खालचं जरा विरळ झालं. त्याला पण ती एकच सावर दिसली, पण त्याच्या मनात आलं, दोन पायजेत. आन् डाव्या अंगाला देवळाची भिंत दिसायला लागली. नेहमी सावर सुळक्यावर बसते तवा भिंत माडांच्या शेवटाला टेकलेली असते, आन् त्या दिशी भिंत माडांच्या पार पलीकडं व्हती. तो मला बोलला, "दोन खुणा भांडायला लागल्या की मी नांगर टाकतो. कोण खरं ते मागनं बघू." नांगर टाकला, दोरीला बांधलेलं शिसं सोडून पाणी किती खोल ते मोजलं, आन् तिथंच थांबला. तवाच पुढनं ओरडणं आयकू आलं. त्यानं दोघांना काढलं पाण्यातनं, फळीला धरून व्हते. जयराम आन् त्याच्या होडीवरचा खलाशी, बाईजेचा नवरा, ते दोघे नाय मिळाले. तिसऱ्या दिशी मिळाले, दांडा गावाच्या खाली, किनाऱ्याला.

राघो तांडेल त्याच सकाळी माहीमवरनं परत आले व्हते. वाटेतच त्यांना टेकाड दिसलं, धुरकटाच्या वर, आन् त्यांना कळलं. सुताचं ओझं रस्त्यात टाकून पळाले. वाळूत ओला पालापाचोळा पेटवला, धूर दिसावा म्हणून. पण धुरकटात धूर कुणाला दिसतोय. म्हातारा माणूस, चारी बाजूला जाळ करत धावत व्हता असं सांगितलं मला.

हे सगळं आयकलं मी, आन् वाटलं आता राघो तांडेल मला धरतील, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते भेटले मला वाळूत. माज्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला, आन् बोलले, "भागीरथीनं सांगितलं मला, मुकादमाचा हुकूम व्हता. तू राखली असतीस रे, मला ठावं हाय. तू हात दिला व्हतास." मी काय बोललो? मी बोललो, "व्हय. मुकादमानं पाडायला लावली."

दोन शब्द. त्या दोन शब्दांनी बारकूचं काय झालं ते पण आयका. माडखाडीच्या लोकांनी त्याला लाकडाच्या अड्ड्यावर गाठून मारलं, हात मोडला त्याचा. तो बोलला पण त्यांना, मी नाय सांगितलं, गोमाला विचारा. पण माजं नाव राघो तांडेलांनी राखलं व्हतं, मंग त्याचं कोण आयकणार. त्याचा तो हात अजून वाकडा हाय. धसईला असतो, बाजारात भाजी घेऊन बसतो. मी धसईला जातो तवा तो माज्याकडं बघत नाय. मी पण दुसऱ्या रस्त्यानं जातो.

थांबा, अजून व्हायचंय. आता आयकलंय तुमी इतकं तर हे पण आयका.

वाळूत भेटले त्याच्या दुसऱ्या दिशी राघो तांडेल बोलले, नवी खूण उभी करायची, आन् ती चुकीची सावर काढायची, तू ये माज्याबरोबर. पयल्यांदा मला होडीत घातलं त्यांनी. बोलले, तुला कळलं पायजे कुठं घाव घालायचा ते, म्हणून दाखवतो. मी कधी होडीत बसलो नव्हतो. खाडीच्या बाहेर गेलो तसं पोट वर आलं, ओकलो, मंग ते बोलले, खाली बघू नको, लांब बघ, जमिनीकडं बघ. मी बघितलं. टेकाडाचा बोडका माथा, त्याच्यावर धाकली एकटी, मागं सुळका. त्यांनी सुकाणू वळवलं आन् धाकली हळूहळू सरकत सरकत सुळक्यावर जाऊन बसली. बरोबर बसली. कशी नीट बसली काय सांगू, जशी काय कोणी मापानंच लावलीय. इतकं सरळ, इतकं भरवशाचं दिसत व्हतं ते, मला पण वाटलं, हीच वाट. मी काय समुद्रातला नाय, तरी मला वाटलं, चला आता घरी. तवा राघो तांडेल बोलले, "आता खाली बघ." मी खाली बघितलं. ओहोटी लागलेली. होडीच्या पुढं तीन हातांवर पाणी फुटत व्हतं, पांढरं, आन् त्यात खडकाची पाठ. तिथं एक फळी अडकली व्हती अजून. त्यांनी वल्ह्यानं होडी थांबवून धरली आन् मला तिथं बसू दिलं. किती वेळ बसलो व्हतो ठावं नाय. मला वाटतं ते रडत व्हते, मी वळून बघितलं नाय.

मंग वर गेलो, धाकली पाडायला. कुऱ्हाड उचलली आन् बघतो तर तिच्या बुंध्यावर आदीच घाव. कमरेच्या उंचीवर, सगळीकडनं, उथळ उथळ, तिरपे. कुऱ्हाडीचे नव्हते, कोयत्याचे. कोयत्यानं सावर पडते का? त्या झाडाला काटे असतात बोटाएवढे, बाईमाणसाचे हात फाटून निघतील. पण कोणीतरी दिसभर, कदाचित दोन दिस, ते झाड तोडायला बघत व्हतं. राघो तांडेल बोलले, "भागीरथी. पुरुष सगळे बाहेर व्हते, कुऱ्हाडी पण तुमीच नेलेल्या. ती आन् बाईजा, दोघी. चिकाला रक्त लागलेलं मी बघितलं." आन् बोलले, "तिच्या कसं ध्यानात आलं कोण जाणे, की ही उभी ऱ्हाता कामा नये."

कोण जाणे असं बोलले ते. पावणं, मला ठावं व्हतं तिच्या कवा ध्यानात आलं ते. तिथंच, त्याच सकाळी, माज्यासमोर. मी जवा तिला बोललो ना, ही ठेवलीय तुमच्यासाठी — तर ती वळून धाकलीकडं बघायला लागली, मंग मागं सुळक्याकडं, मंग दर्याकडं. तिला पण शिकवलं असणार कोणीतरी. तोंड पांढरं पडलं तिचं. आन् ती मला बोलली, "मंग ही पण पाडा. आता लगेच पाडा. दोन्ही नसतील तर ते बाहेर थांबतील, ही एकटी दिसली तर आत येतील." स्वच्छ बोलली. मला कळलं व्हतं पावणं. आदल्या दिशीच बिडीनं शिकवलं व्हतं ना मला, बिडी सरकली की काय होतं ते. कळलं नाय असं मी बोलू शकत नाय. लहान झाड व्हतं, एका तासाचं काम. पण खाली लारीवाल्यानं भोंगा वाजवला, दोनदा. टोळी उतरायला लागली. मी बोललो, "बाई, लांबनं झाड ते झाड, काय फरक पडत नाय." आन् कुऱ्हाड खांद्यावर टाकली. ती माज्यामागं आली अर्ध्या उतारापर्यंत. बोलली, "मंग कुऱ्हाड तरी देऊन जा."

नाय दिली. कुऱ्हाड माजी व्हती, बापाची. म्हशाहून आल्यावर लागली असती.

तिनं हे कोणाला सांगितलं नाय. का नाय सांगितलं? मी चार वर्सं हाच विचार करतोय. मला वाटतं, तिनं सांगितलं असतं तर तुमच्या मामांना कळलं असतं की त्यांनी कोणाच्या हातात हात दिला, आन् त्यांनी स्वतःला दोष लावून घेतला असता. म्हणून गप राहिली असंल. नायतर मला वाचवायचं तिला काय कारण? त्या दिशी धाकली पडल्यावर खाली उतरलो तर ती अंगणात मासळी वाळत घालत व्हती, हाताला चिंध्या बांधलेल्या. माज्याकडं बघितलं, आन् परत मासळीकडं. बास.

मंग नवी खूण उभी केली आमी. थोरलीच्या बुंध्यातच खड्डा घेतला, लांब वासा उभा केला, टोकाला काळं कापड. मी वासा धरला, राघो तांडेल होडीत. ते तिकडनं हात हलवायचे, डावीकडं, उजवीकडं, मी सरकवायचो, बोटबोटभर. अर्धा दिस. कंटाळले नाय ते. शेवटाला दोन्ही हात वर केले, म्हंजे बसलं. अजून हाय का तो वासा? हाय. दरसाल बदलतात. बरं. चुना लावलेली दगडाची रास पण केलीय बोललात, देवळाच्या बाजूला, म्हंजे दुसरी खूण. ते चांगलं केलं. सावळारामनं सांगितलं असंल.

आन् भागीरथी? टोपली घेऊन जाते सफाळ्याला. बरं.

आता बघा, तुमी मामांना हे सांगा. नाय, सगळं सांगा. सांगा, गोमानं स्वतःच्या मनानं पाडली, बारकू थांब बोलत व्हता, आन् जत्रेसाठी पाडली, आन् धाकली पण पाड असं तुमची सून सांगत असताना — नाय, ते नका सांगू. ते सांगितलं तर तिचं गप राहणं फुकट जाईल. नुसतं बारकूचं सांगा. तेवढं सांगितलं तरी... काय बोललात? तुमी नाय सांगणार. मीच सांगू?

मी कसा येणार? डेपो सोडून — साहेब येतो कवा पण, मोजणी करायला. नाय, आज नाय येत तो. आज ऐतवार. पण राखणीला कोण... सरस्वती हाय, समोरच्या चहाच्या झोपडीतली, ती बघते कधीमधी, तिला सांगितलं तर बघंल. पण मी येऊन काय करू? म्हातारा माणूस, आता कुठं जरा बसला असंल मनानं, नवी होडी बांधतोय, भाच्याला तांडेल करतोय, आन् मी जाऊन त्याच्या पुढ्यात हे ओतू? त्याच्यासाठीच नको बोलतोय मी. त्याच्यासाठी. ...बघा, परत. परत जीभ तिकडंच गेली. त्याच्यासाठी नाय.

तुमी असे उभे नका राहू. बसा नायतर जा. लाकूड तिकडं कुंपणाजवळ हाय, एकटंच ठेवलंय, साग, एकवीस हात, गाठ नाय, पीळ नाय. ते घ्या. ते मी निवडलंय म्हणून नका घेऊ, सुताराला दाखवा, दोरी लावून बघा, ठोकून बघा, मंग घ्या.

मालगाडी आली वाटतं. रूळ वाजतात. मंग आता तुमची गाडी अर्ध्या तासात. नाय, माज्या तिकिटाचं काय नका बघू. मी बोललोय का येतो म्हणून? मी काय बोललो नाय. हात पण नका पुढं करू, पावणं, खाली घ्या तो. मी हात देत नाय कोणाला.

जा तुमी. टेसनावर जाऊन उभे राहा. आलो तर दिसंन.